रुमालाखाली

कळमन्याच्या यार्डात तेव्हा भाव बोलत नसत,
चाचपत.
दयाराम निखाडे मनगटावर रुमाल टाकायचा,
निळ्या चौकड्यांचा, कडेला बिडीचं एक भोक,
आणि खाली त्याचा हात केशरीमल शेठच्या हातात शिरायचा
बिळात मुंगूस शिरावं तसा.
चार बोटं धरली म्हणजे चार हजार.
मधल्या पेरावर नख, म्हणजे वर अर्धा.
तळव्यावर गुदगुली, म्हणजे जाऊ दे, उद्या बघू.
मी एकोणीस वर्षांचा. वारा सुटला
तर रुमालाचं टोक धरायला.

चेहऱ्यांवरून काही कळायचं नाही.
दोघंही खर्रा चघळत वर पत्र्याकडे पाहत,
जसं काही तिथं कबूतर अंडं देऊन राहिलं.
मिरचीचा धनी ढिगाशी उभा.

मग एका मार्चमध्ये भिंतीवर फळा आला, विजेचा.
लॉट, वजन, बोली. लाल आकडे, हातहात लांब.
व्यापारी मोबाइल काढून उभे राहिले,
फक्त अंगठे हलत होते.
इतकं शांत, की बोऱ्यावरची माशी ऐकू यावी.
कोणी इंदूरहून बोली लावत होतं, कोणी शेजारच्या गाळ्यातून,
कोण कुठला, कळायला मार्ग नव्हता.
भिवापूरच्या सगुणाबाई चाचेरकरांनी
एकेक आकडा बोटाने मोजत वाचला, पुन्हा वाचला.
"म्हणजे एवढा असते का माह्या मिरचीचा भाव?"
कोणालाच विचारलं नव्हतं त्यांनी.
दयाराम चपलेतला खडा काढत बसला,
बराच वेळ.

मीही सांगितलं नाही
की पेरावरचं ते नख दोनदा लागायचं,
एकदा भावासाठी, एकदा आमच्यासाठी.
माझ्या बहिणीच्या लग्नातला फ्रीज
त्या नखातून आला.

आता मी ऑपरेटर.
मिहानमधून मयूर घाटोळे आला होता शिकवायला,
पहिल्याच दिवशी ठसका लागून बाहेर पळाला.
देठ खुडणाऱ्या बाया हसल्या, पंचफुला उकेने त्याला गूळ दिला.
त्याच मयूरने त्यांच्यासाठी हजेरीचं यंत्र बसवलं.
वीस बायांचे अंगठे घेतले.
पंचफुलाचा घेईना.
तीस वर्षांत मिरचीनं रेघा खाऊन टाकलेल्या.
यंत्रातली बाई म्हणायची, कृपया पुन्हा प्रयत्न करा,
आणि पंचफुला म्हणायची,
"तू बी थकशील वं माय."
शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली.
ती तिनं मिरचीपासून जपली होती,
लेकरांच्या डोळ्यांत काजळ घालायला.

दोन वर्षं करंगळीवर पगार झाला.
मग गुंटूरहून देठ खुडायचं मशीन आलं,
वीसच्या सहा बाया राहिल्या.
यादी मीच टाइप केली.
पंचफुला सातवी होती.
तिची करंगळी अजून आहे सिस्टीममध्ये,
काढून टाकायचं बटन मला सापडत नाही,
असं मी साहेबांना सांगतो.

दयाराम गुरुवारी येतो,
बसायला दुसरी जागा नाही म्हणून.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
फळा त्याला लाल धूर दिसतो.
काल तो काही न बोलता
टेबलाखालून हात पुढे करून बसला.
स्क्रीनवरची मिरचीची धूळ पुसायचा माझा रुमाल
मी आमच्या हातांवर टाकला.
आधी एक बोट. मग चार.
चौदा हजार, सगळ्यांना दिसतो तोच.
"काका, काय करून राहिले?" दारातून मयूर म्हणाला.
नख मी लावलं नाही.
दयारामनं माझं मधलं पेर चाचपलं,
पुन्हा चाचपलं,
वरचा अर्धा कुठे गेला
ते शोधत.