साडेसहा हजारचा पांढरा

डॉक्टर वाडेगावकरांनी धंतोलीतला दातांचा दवाखाना मोडला
तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले,
मी सातशे रुपयांत दोन फुटी काचपेटी उचलली.
झाकणात एक मेलेली ट्यूब,
तळाशी खडे, आणि प्लास्टिकचा एक खलाशी,
इतकी वर्षं दुसऱ्यांची दाढदुखी बघून वैतागलेला.

गोकुळपेठेतल्या दुकानात रेहाननं लाइट दाखवले.
पहिला बेचाळीसशेचा, फोनवरून पहाट करणारा,
बटण दाबलं की ढगसुद्धा आणणारा.
दुसरा चौदाशेचा, लाल-निळा.
त्यात मासे दिसायचे स्टेजवरच्या नवरदेवासारखे,
जांभळे आणि अस्वस्थ.
"झाडं लय वाढतील मॅडम याच्यात."
वाढतील रे. पगार नाही ना वाढत.

एकवीस वर्षं मेडिकलच्या एक्स-रे विभागात काढलीत मी.
डार्करूमचा लाल दिवा, फिल्म टांगायची ती पांढरी पेटी,
तिच्यापुढे उभं राहून थूल भाऊ म्हणायचे,
उजेड चांगला तोच, ज्याच्याकडे लक्ष जात नाही.

म्हणून इतवारीत गेले.
वायरींच्या भेंडोळ्यांखाली खंडेलवाल शेठ:
"पांढरा पाह्यजे का पिवळा?"
"साडेसहा हजारचा पांढरा."
"येवढा महागाचा नाही ठेवत बाई आपण."
केल्विन हो, म्हटलं, रुपये नाही.
खोक्याच्या बुडाशी लिहिलेलं असतं, मुंगीएवढं.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
खोकं उलटं केलं, दाराशी नेलं.
"तीस साल झाले विकून राह्यलो,
हे आज वाचलं."

दहा वॅटची पट्टी, दोनशे दहा.
कूलरच्या पंपाला लावतात तो टायमर, एकशे ऐंशी.
पाणी वायरीवर उडू नये म्हणून
खिडकीच्या काचेचा एक तुकडा मध्ये, फुकट.

आणि मग मी तेच केलं जे नवखे करतात:
सकाळी सातला लावला, रात्री दहाला विझवला.
आठवड्याभरात काच हिरवी,
जावा फर्नच्या पानांवर केसाळ शेवाळ,
खलाशाला दाढी.
ड्यूटीवर रोज सांगते मी पोरांना,
दिसायला पुरेल तेवढाच डोस द्या, एक थेंब जास्त नको,
आणि घरी पंधरा तास!
थूल भाऊंनी कान पकडला असता.

आता साडेचार ते साडेदहा. सहा तास.
पट्टी दोन डालड्याच्या डब्यांवर थोडी वर उचललेली.
पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात
जुन्या ट्यूबनं पाणी वरणासारखं तापवलं असतं.
ही पट्टी हात लावला तरी कोमट.
कूलर पेटीच्या शेजारी गरगरतो,
आम्हाला अर्धा वारा, माशांना अर्धा.

काचमासे आणले पाच. आरपार.
काटा न् काटा मोजावा असे,
पोटातली चांदीची पिशवी, डोळा, शेपूट,
मधलं सगळं उजेडाचंच.
घरातले म्हणतात, दिवसभर हाडं बघून जीव भरत नाही का तुझा?
नाही भरत.
तिकडे सकाळपासून म्हणते मी,
श्वास रोखा. हलू नका. झालं, सोडा.
हातपाय मोडलेली लेकरंसुद्धा ऐकतात बिचारी.
इथे कोणालाच काही सांगत नाही.

साडेदहाला टायमर टक् करतो.
खड्यांखाली एक लोच आहे, मिशांचा,
तो अंधार झाल्यावरच बाहेर निघतो.
चार महिने झाले,
मी त्याला अजून नीट पाह्यलेलं नाही.
खाल्लेलं मात्र सकाळी संपलेलं असतं.