खाकी पिशवी

आल्झिराबाय स्विंडनहून फोन करते,
"बाल्कांवात आहेत का त्या अजून?"
आहेत, म्हणतो मी.
काल सात होत्या. आज मोजल्या नाहीत.

पारोड्यात एप्रिल म्हणजे
मागच्या भाटात बोंडं पडून आंबणार,
वेचायला कुणी नाही,
आणि त्या वासावर झुलत गांधीलमाश्या
सरळ सोप्यावर येऊन टेकणार,
जिथं तिचा बाप गंजिफ्रॉकवर बसून
मेलेल्यांच्या जाहिराती मोठ्यानं वाचायचा.

उपाय सगळ्यांकडे असतात.
रेजिना म्हणाली, अर्धं लिंबू घे, लवंगा टोच.
टोचल्या. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं
आणि त्यावर बसून एक माशी
निवांत पाय पुसत होती.
सोडणांचा धूर केला
तर आग्नेल कळशी घेऊन धावत आला,
घर पेटलं म्हणून.
अग्निशमनवाल्यानं विचारलं, पोळं केवढं?
म्हटलं, नारळाएवढं.
"फणसाएवढं झालं की कळवा."

शेवटी अमावास्येला मीच चढलो,
टॉर्चवर लाल कागद, अंगात दोन शर्ट,
डोक्याला बायकोची ओढणी.
गोणपाटात धरलं, उपटलं.
कानामागे एक, मनगटावर दोन.
आठवड्यात त्याच वाशाला, त्याच जागी
पुन्हा बोटभर देठ.

मधमाश्यांचं तसं नव्हतं.
त्या फेब्रुवारीत आल्या होत्या, एका दुपारी,
अंगणातल्या खुरसावर लोंबल्या दाढीसारख्या,
आणि दुसऱ्या दिवशी गेल्या.
त्यांना मी काही केलं नाही.
आल्झिराबायला सांगितलंही नाही.

केप्याच्या बाजारात खिळे घेताना
दुकानाचा म्हातारा म्हणाला,
देठ खरवडून टाक,
खाकी पिशवी फुगव, तोंड आवळ, तिथं टांग.
तिला वाटतं इथं आधीच कुणाचं घर आहे.
भरल्या घराशेजारी ती बांधत नाही.

पोदेराची पिशवी होती, आत पावाचा चुरा.
फुगवली, बांधली, शिडीवरून उतरलो.
वर वाशाला
माझा श्वास लटकत होता.

मग कळलं, हे काम मला येतं.
सहा वर्षं हेच तर करतोय.
सातला बाल्कांवातला दिवा लावायचा,
सकाळी विझवायचा.
दोरीवर टॉवेल, सोमवारी हिरवा, गुरुवारी पांढरा.
पायरीवर आठ नंबरच्या चपला,
कुणाच्याच नव्हेत, मडगावला सेलमध्ये घेतलेल्या.
रस्त्यावर गाडी हळू करून
मान बाहेर काढणाऱ्या दलालाला वाटावं
आत कुणीतरी जेवतंय.
त्याचे महिना तीन हजार
आणि नाताळात पुतण्यासोबत एक केक.

चार दिवस एकही आली नाही.
पाचव्या दिवशी आली, एकटीच.
पिशवीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
तोंडाशी थांबली, कान लावावा तशी.
आत काही हलत नाही
हे कळायला तिला फार वेळ लागला नाही.

दिवा लावला की मी घरी जातो.
त्या दिवशी गेलो नाही.
सोप्याचा कोबा अजून गरम होता.
पाय वर घेतले, खाकरलो,
पेपर नव्हता, तर विजेचं बिल मोठ्यानं वाचलं,
मागील वाचन, चालू वाचन, थकबाकी शून्य.
समोरून आग्नेलची बायको गेली,
थबकली, तिनं हात केला,
कुणाला केला तिचं तिला माहीत.
माशी वाशावर बसून होती. मी खाली.

फोन आला.
"आहेत का अजून?"
एक आहे, म्हणालो,
आणि कौलं चाळायला माणूस मिळत नाही
तेही सांगून टाकलं.