गाठ क्रमांक १६०४

महापे एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून
मी कापसाचा पत्ता शोधते.
शाल ॲक्रिलिकची आहे. तिचा पत्ता कुणी विचारत नाही.

पडद्यावर नकाशा. वणीजवळ एक तुकडा,
दोन एकर अकरा गुंठे.
त्यावर टिचकी मारली की नाव उघडतं : शेवंता गेडाम.
फोटोत डोळे मिटलेले, कुणीतरी घाईत काढलाय.
खत, शेणखत. फवारणी, दशपर्णी अर्क.
वेचणीची तारीख, टेम्पोचा नंबर,
जिनिंगच्या दारातून आत शिरल्याची वेळ, सेकंदासकट.
सरकीपासून सुटलेल्या रुईवर तिथे
एक धुकं मारतात, डोळ्यांना न दिसणारं,
जांभळ्या दिव्याखालीच जागं होणारं.
मग दाबून गाठ बांधतात.
गाठीला नंबर,
नंबराला चौकोनी ठिपक्यांची रांगोळी.

पुढे सूत, माग, रंग, शिलाई.
प्रत्येक दारात कुणीतरी मोबाईल धरतं, टिंग होतं,
माझ्याकडे हिरवी टिकली उमटते.
टिकल्यांची ओळ पुरी झाली
की न्हावाशेव्याला कंटेनर हलतो.

फेब्रुवारीत सोळाशे चारची ओळ थांबली.
गिरणीत रुई गेली एकशे सत्तर किलो.
सूत निघालं तीनशे साठ.

तांदूळ फुगतो शिजल्यावर.
कापूस नाही फुगत. तो झडतो, उडतो,
कामगारांच्या भुवयांवर जाऊन बसतो,
शंभराचे पंच्याऐंशी होतात.

चिद्रवारांना फोन लावला.
"मॅडम, काटा जरा सैल आहे आमचा," म्हणाले.
मग म्हणाले, "सगळेच करतात."
मग काहीच नाही, नुसता मागे चात्यांचा आवाज.
मी लाल टिकली लावली.
येवले सरांनी बोलावून विचारलं, "खात्री आहे ना?"
म्हटलं, "वजाबाकी आहे, सर."

लाल टिकलीच्या पुढे पडद्यावर काही नसतं.
नाकारलेल्याचा माग
आम्ही काढत नाही.

मे महिन्यात घणसोलीच्या बाजारात
ताडपत्रीवर ढीग :
एक्स्पोर्टचा माल, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी!
एक कुर्ता उचलला, शेवाळी रंगाचा.
गळ्यामागची पट्टी कातरलेली,
पण कडेच्या शिवणीत आत, कात्री चुकवून,
अर्धी रांगोळी उरली होती
आणि तिच्याखाली, नीट वाचता येईल असं, १६०४.

अशी आमची गाठ पडली.

मोबाईल धरला. तो विचार करत राहिला.
अर्ध्या ठिपक्यांतून त्याला ना वणी सापडली,
ना गिरणी, ना मी.
"ताई, फोन दाखवून दर कमी नाही होत,"
पोरगा म्हणाला. मी दोनशेची नोट दिली
आणि वीस रुपये मागायचे विसरले.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
तबस्सुमने प्रयोगशाळेची दारं लावली,
बाही उसवली, धागे पिंजले,
जांभळा दिवा लावला.
आधी काळोखच.
मग इथे एक, तिथे दोन,
रात्री वाशीच्या पुलावरून खाडीत
लांब लांब होड्यांचे दिवे दिसावेत तसे
तंतू उजळले.
तबस्सुम ओठ हलवत मोजत होती.
"शंभरात चाळीस," ती म्हणाली,
आणि डबा उघडला.

म्हणजे शेवंताबाई खोटी नव्हती.
पुरवठ्याला आली होती फक्त,
पाहुणे वाढल्यावर आमटीत पाणी घालतात तशी.

हे कुठे नोंदवायचं ते शोधलं.
रकाने दोनच आहेत, खरं आणि खोटं.
चाळिसासाठी रकाना नाही.
येवले सरांना मेल लिहिली, तीन ओळींची.
ती पाठवली आहे. उत्तर यायचंय.

बाही परत शिवून घेतली, थोडी आखूड झाली.
सोमवारी तोच कुर्ता घालून आले.
एसी तेवढाच गार. शाल मात्र घरी राहिली.
शिवणीतली अर्धी रांगोळी
बसलं की कमरेला टोचते.
ड्रॉवरमध्ये कात्री आहे.