छताला टांगायचं जहाज

मार्स्टालच्या बंदरामागे, वखारीच्या माळ्यावर
थोरकिल सांगतो, हात न थांबवता:
पट्टी कोमट पाण्यात भिजव. तासभर. घाई नको.
मग दिव्याच्या तापल्या काचेवर टेकवून हळूच वाकव.
करकरली की थांब.
लाकूड आधी सांगतं, मग मोडतं.

एक फळी डावीकडे, लगेच एक उजवीकडे.
एकाच अंगाने चढत गेलास तर कणा पिळतो,
आणि पिळलेला कणा
सरसाने सरळ होत नाही.

दोऱ्याला मेण लाव, नाहीतर लव उभी राहते;
एवढ्याशा डोलकाठीवर ती
काथ्यासारखी दिसते.

हे जहाज चर्चच्या छताला टांगायचं.
बाकांवरच्यांना खालून दिसणार फक्त बूड,
म्हणून बूड सात वेळा घासलं त्याने.
डेक कुणालाच दिसणार नाही.
तरी तिथे स्वयंपाक्याची किटली आहे, तांदळाएवढी,
आणि दोन होड्या, दोरांनी आवळलेल्या.

मी आराखडा पुन्हा पाहिला. होडी एकच.

"खऱ्या जहाजावर एकच होती," थोरकिल म्हणाला,
आणि दुसरीची वल्ही
चिमट्याने उचलून
आत ठेवली.