बारा तास

पहाटे चार सतराला गाडी थांबली.
सिग्नल हिरवा होता,
रूळ साफ, इंजिन धडधाकट.
फक्त ऑर्विलचे बारा तास भरले.

हॅव्हर इथून तेवीस मैल.
तेवीस मैल ऑर्विलला डोळे मिटूनही जमतील,
आणि कायद्याला नेमकी त्याचीच धास्ती.

मिनॉट सोडल्यावर मालगाड्यांसाठी
अडीच तास आम्हाला बाजूला बसवलं होतं,
तेही त्याच्या खात्यात पडले.
बसून राहणं हेही काम. तसं लिहिलंय कुठेतरी.
आता तो स्वतःच्या इंजिनात पाहुण्यासारखा,
हात मांडीवर.
बदलीचे दोघे व्हॅननं येतायत,
म्हणजे निघालेत,
म्हणजे व्हॅन मिळालीय, ड्रायव्हर शोधतायत.
बाहेर उणे सव्वीस.

मी स्लीपर डबा एकतीसची.
शिकागो सोडलं परवा दुपारी.
माझे तास कुणी मोजत नाही.
कायद्याच्या त्या पानावर इंजिनवाले आहेत,
कंडक्टर आहे, दूर कुठेतरी खुर्चीत बसून
गाड्या सोडणारा आहे.
उशांचे अभ्रे बदलणारी नाही.
अभ्रा चुकला म्हणून कुठे गाडी घसरते?

सहा नंबरच्या म्हाताऱ्यानं घंटा दाबली.
का थांबलो?
तास संपले, मी म्हणाले.
कुणाचे?
मी कॉफी ओतली.

यादीत माझ्यावर आता अकराच नावं.
बावीस वर्षांनी एवढं मिळतं :
सहा दिवस गाडीत, सहा दिवस घरी,
आणि घरी पहिले दोन दिवस
पलंग हलत नाही म्हणून झोप नाही.
मारिसोल तळाशी आहे.
तिला ठरलेली गाडीच नाही,
कुणी आजारी पडलं की तिचा फोन वाजतो.
दोन तासांत हजर.
मुलीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या लावून झाल्या
आणि फुंकर तिच्या आईशिवाय पडली.
ती मला विचारते, किती वर्षं लागतात?
मी सांगत नाही. वरचे निवृत्त व्हायला हवेत,
आणि वरची मीच.

पाचच्या सुमारास पाण्याचा पाइप गोठला.
मी गुडघ्यांवर, किटलीतलं पाणी ओततेय,
अंधारात हात कुठे, नळी कुठे.
डेल येऊन उभा राहिला. कंडक्टर,
तोही भरलेला, हात खिशात.
टॉर्च धरू?
धरलीस तर लिहावं लागेल, मी म्हटलं.
तो थोडा वेळ पाइपकडे बघत राहिला.
मग टॉर्च पेटवून फळीवर ठेवली,
माझ्या बोटांवर उजेड पडेल अशी,
आणि विसरून गेला.

सहा चाळीसला व्हॅनचे दिवे दिसले.
नवे दोघे चढले, दाढीत बर्फ,
त्यांचे बारा तास कोरे करकरीत.
ऑर्विल इंजिनातून उतरला
आणि बर्फ तुडवत माझ्या डब्याशी आला.
आता तो प्रवासी.
चार नंबर रिकामा होता. मी पलंग उघडला,
ब्लँकेट दिलं. हे माझं काम.
बूट काढ, म्हटलं. एकच निघाला.

गाडी हलली तेव्हा तो घोरत होता.
ते तेवीस मैल
त्यानं डोळे मिटूनच केले.

हॅव्हरला त्याला उठवलं,
आणि चादर बदलायला घेतली.
चार नंबरला इथून कुणीतरी चढणार होतं.