हें उदक न्हय

झेफेरिन म्हणाला, बोर्डावर लावायला फोटो हवा,
हुर्राकाचा.
बघणाऱ्याला कळलं पाहिजे: हें उदक न्हय.

एवढंच काम.
रायबंदरच्या धक्क्यापासून चौदा पावलांवर त्याचं तावेर्न,
आणि माझा कॅमेरा तीन महिन्यांचा,
हप्ते अजून माझ्यापेक्षा मोठे.

सूर्य पाठीशी ठेवावा,
हे मला शाळेच्या सहलीत कुणीतरी शिकवलेलं.
म्हणून दाराकडे पाठ करून उभी होते,
वरून फ्लॅश.
ग्लासाच्या पोटात पांढरा ठिपका उमटला,
डोळ्यात फूल पडावं तसा,
आणि मागच्या कॅलेंडरवरची एकवीस एप्रिल
हुर्राकापेक्षा स्पष्ट.

बर्फ टाकला, तो मी फोकस करेपर्यंत थांबेना.
लिंबाची फोड तळाशी गेली,
उभी चिरलेली मिरची तेवढी
वरातीतल्या मामासारखी मधोमध.
फोटो मिरचीचा आला. छान आला.

मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं,
निम्मं पाणी, जुना टूथब्रश,
अंगठ्याने शिंतोडे उडवले.
ग्लासाला घाम फुटला,
माझ्यानंतर तासाभराने.

फेरीबोटीवरचे दोन खलाशी कोपऱ्यात बसून बघत होते.
त्यातल्या मोठ्याने अगदी आदराने विचारलं,
फोटो काढून झाल्यावर हा ग्लास कोणाचा?

मग वाळपईहून नवा कॅन आला.
झेफेरिनने थोडा बाटलीत घेतला, हलवला,
ग्लासात ओतला
आणि दाराच्या उजेडात वर धरला,
एक डोळा मिटून.
काठाला मणी धरले होते. बारीक, एकाला एक लागून,
विझायची घाई नसलेले.
बापानेही असाच धरला असेल, त्याच्या बापाने,
त्यांना कुणी पिक्चर म्हणून बघायला सांगितलं नव्हतं,
लबाडी पकडायची होती.

तू समोरून कित्याक मारतेस उजेड?
तो म्हणाला. पाण्याला तोंड नसतं.
मागून बघ.

टेबल खिडकीपाशी ओढलं.
शिंपल्यांची जुनी झडप, त्यातून उजेड
ताकाच्या निवळीसारखा गाळून येतो.
ग्लास मधे ठेवला
आणि ग्लास नाहीसा झाला.
पांढऱ्यात पांढरं. मिरची हवेत.

काळं काहीतरी हवं होतं दोन्ही बाजूंना,
ज्याची सावली काचेने काठाला ओढून घ्यावी.
पियेदादने गल्ल्याखालून दोन वह्या काढल्या,
जाड काळ्या पुठ्ठ्यांच्या:
एक चालू उधारीची,
एक बुडीत.
डावीकडे चालू उभी केली, उजवीकडे बुडीत,
फ्रेमच्या जरा बाहेर.
तेव्हा ग्लासाला काठ आले.
दोन काळ्या रेघा, वरून खालपर्यंत,
कुणीतरी बोरूने ओढल्यासारख्या.

झडपेतला एक शिंपला फुटलेला, तिथे पुठ्ठा खोचलेला.
तो पडला की मी काढला, आता आठवत नाही.
त्या भोकातून नदी आत आली, नखाएवढी,
आणि चोडणला निघालेली फेरीबोट.
बाहेर ती डावीकडे चालली होती.
ग्लासात उजवीकडे.
स्कूटरी, पाट्या, छत्री धरलेली एक बाई
सगळे गेलेले
परत येत होते.

मी एकच काढला. हात हलला नाही.

झेफेरिनने स्क्रीन लांब धरून बघितली, मग जवळ.
हुर्राकाबद्दल काही बोलला नाही.
बुडीत वही उचलली, धूळ नसताना पुसली,
पियेदादकडे दिली.
ती बघत होती तो कॅलेंडर, किंवा त्याच्यामागची भिंत.

खलाशांची बोट लागली होती, ते उठून गेले,
ग्लासाकडे एकदा वळून.

मग त्यानेच तो उचलला,
बर्फाचं पाणी झालेला, मिरचीसकट,
एका दमात संपवला
आणि ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला,
भायल्यान गोड लागता.