परत म्हणून दाखवा

सांबऱ्याच्या टॉवरमध्ये मंजूर खुर्च्या नऊ.
बसतो आम्ही पाच.
त्यातला हुक्केरी हुबळीला पाठवलाय महिन्यासाठी,
परेराचा मणका सरकलाय,
म्हणून काल रात्रीचा मीच
आज सकाळचाही मीच.

काचेखाली मुतग्याचे कोबीचे वाफे,
त्यांच्या कडेनं प्रचाराची रिक्षा,
एका चौकात मराठीत, पुढच्या चौकात कन्नडात:
आणखी चार विमानं! दिल्लीला रोज!
विमानं सगळेच मोजतात.
ती उतरवणारी तोंडं किती,
कुठल्या पत्रकात नव्हतं

मंगळवारपर्यंत.

मंगळवारी एका उमेदवाराचं हेलिकॉप्टर
अकरा मिनिटं थांबवलं मी
येळ्ळूरच्या गडावर, घिरट्या घालत.
हैदराबादचं विमान शेवटच्या चार मैलांवर,
फ्लाइंग स्कूलचं एक पोरगं एकटंच वर, आवाज कापरा,
आणि माईक एक, माईकपुढं मी.
सभा अकरा मिनिटं उशिरा सुरू झाली.

बुधवारी पेपरात आलो.
तो म्हणाला, टॉवरमध्ये आपली माणसं नाहीत म्हणून.
दुसरा म्हणाला, आहेत तीच जास्त झाली.
गुरुवारी रिकाम्या खुर्चीला भाषा फुटली.
ती मराठी की कन्नड,
यावर शुक्रवारी अर्धा बाजार बंद.

खुर्ची फिरती आहे. एक चाक गेलेलं.
तिच्यावर आम्ही डबे ठेवतो.
हुक्केरी असला की कन्नडात शिव्या घालतो तिला,
मी मराठीत,
आणि वर इंग्रजीत बोलतो दोघंही,
सावकाश, एकेक आकडा सुटा करून.

मी सरकारी माणूस. मला मत आहे,
तोंड नाही.

शनिवारी तो गल्लीत आला, हात जोडून.
मी आत झोपायचा प्रयत्न करत होतो.
दारात वैजयंता.

"टॉवरला माणसं देणार म्हणालासा. किती?"
"भरपूर की वहिनी."
"भरपूर नव्हे. आमचे हे सांगतात,
तिथं ऐकलेलं परत म्हणून दाखवावं लागतं,
आकड्यासकट.
चार माणसं. म्हणा बघू."

तो हसला. मागचे हसले.
ती नाही हसली.
कुणीतरी तिच्या हातात पत्रक दिलं
आणि पुढच्या दाराची कडी वाजली.

संध्याकाळी पुन्हा वर.
हैदराबादवाल्याला हवेचा दाब सांगितला:
एक हजार अकरा.
एक हजार अकरा, तो म्हणाला.
कोण, कुठला, नाव माहीत नाही मला त्याचं.
खाली रिक्षा अजून सांगत होती
चार विमानं, चार विमानं.

डबा उचलला, तशी खुर्ची
हलकेच फिरली
आणि माझ्याकडं पाठ करून थांबली.